शाळेचे तुंबलेले स्वच्छतागृह आणि तीन वस्त्या : मासिक पाळीच्या स्वच्छतेविषयी एक प्रकरण

प्रकरणाची ओळख

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका गावातले, २०२२-२३ च्या गाळप हंगामातले आहे. मी त्या वेळी गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करत होते. गाव, शाळा आणि माणसे यांची नावे कुठेही दिलेली नाहीत. काही बारीकसारीक तपशील ओळख पटू नये एवढ्यापुरते बदलले आहेत. निर्णय मात्र जसे घेतले गेले तसेच, त्यांतल्या चुकांसकट, लिहिले आहेत.

पार्श्वभूमी

गाव पूर्ण बागायती आहे. ऊस आणि हळद ही मुख्य पिके, आणि मुलींच्या शिक्षणात आपण आसपासच्या गावांच्या पुढे आहोत हे गावकरी अभिमानाने सांगतात. गावठाणात प्रामुख्याने मराठा आणि लिंगायत घरे आहेत, ओढ्यापलीकडे मुस्लिम मोहल्ला आहे, आणि दिवाळी झाली की माध्यमिक शाळेच्या मागच्या गायरानावर ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. त्या हंगामात तिथे चोवीस कोप्या होत्या. बहुतेक कुटुंबे बीड जिल्ह्यातली. तीन कोप्या मात्र जत तालुक्याच्या पूर्व भागातून आलेल्या, घरात कन्नड बोलणाऱ्या कुटुंबांच्या होत्या. शाळेच्या कुंपणभिंतीला बाहेरच्या बाजूने एक नळ आहे. टोळीचे पिण्याचे, आंघोळीचे आणि धुण्याचे पाणी तेवढ्या एका नळाचे.

आमच्या प्रशिक्षणात या विषयाची सुरुवात नेहमी आकडेवारीने होत असे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, १५ ते २४ वयोगटातील ५७.६ टक्के स्त्रिया पाळीच्या काळात आरोग्यदायी साधन वापरत होत्या, तर २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ७७.३ टक्क्यांवर गेले. या मोजणीत सॅनिटरी पॅड, स्थानिक पातळीवर तयार केलेले पॅड, टॅम्पॉन आणि (पाचव्या फेरीत) मेन्स्ट्रुअल कप ही आरोग्यदायी साधने धरलेली आहेत; नुसते कापड वापरणारी स्त्री त्यात येत नाही, मग ते कापड तिने कितीही स्वच्छ धुतलेले आणि उन्हात वाळवलेले असो. उलट, एकच पॅड सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत ठेवणारी मुलगी मात्र त्यात बसते. हे मला त्या वेळीही वाचून माहीत होते, पण त्याचा अर्थ या प्रकरणातच नीट उमगला.

नोव्हेंबरमध्ये टोळी उतरली तेव्हा मी प्रत्येक कोपीला पॅडची दोन-दोन पाकिटे वाटली होती. वाटताना सही घेतली, फोटो काढला. बायकांना विचारले काहीच नाही.

प्रश्न कसा समोर आला

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेतील मुलींचे स्वच्छतागृह तुंबले आणि घाण पाणी व्हरांड्यापर्यंत आले. ग्रामपंचायतीच्या सफाई कर्मचाऱ्याला बोलावण्यात आले. त्याने चेंबरचे झाकण उघडले, पण आत हात घालायला नकार दिला, आणि तो नकार योग्यच होता. माणसाला असे काम हाताने करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. लोखंडी सळईला आकडी करून त्याने पाईप मोकळा केला तेव्हा वापरलेल्या पॅडचे गोळे बाहेर आले.

त्याच संध्याकाळी शाळा व्यवस्थापनाच्या बैठकीत निष्कर्ष निघून मोकळा झाला होता : टोळीतल्या बायका रात्री शाळेच्या आवारात येतात आणि "त्यांना काही कळत नाही". दुसऱ्या दिवशी भिंतीबाहेरच्या नळाची चावी बंद करून तिला साखळी घालण्यात आली, आणि उपकेंद्राला ग्रामपंचायतीचे पत्र आले की ऊसतोड महिलांना मासिक पाळीच्या स्वच्छतेचे ज्ञान नसल्यामुळे गावाचे आरोग्य धोक्यात आले आहे, तरी आपल्या स्तरावरून त्यांना मार्गदर्शन करावे. पत्रात नळाचा उल्लेख नव्हता. तो मला आमच्या आशाताईंकडून कळला. टोळीतल्या बायका त्या सकाळपासून कालव्यावरून पाणी आणत होत्या.

तक्रारीची तपासणी

मी आणि आशाताई शाळेत गेलो तेव्हा बाहेर काढलेला कचरा चेंबरशेजारी पोत्यावर तसाच पडून होता. पाहायला कुणालाही किळस यावी असाच तो होता, पण पाहिल्याशिवाय पुढे काही बोलणे मला प्रामाणिक वाटेना. काही पॅड वर्तमानपत्रात, तर काही वहीच्या पानात गुंडाळलेले होते. शाई पार पसरून गेली होती. छापलेल्या निळ्या रेघा आणि समासाची लाल रेष मात्र स्पष्ट दिसत होती. आशाताईंनी माझ्याकडे पाहिले आणि पोते दुमडून टाकले.

आणखी दोन गोष्टी ताडून पाहिल्या. शाळेच्या फाटकाला संध्याकाळी पाचनंतर कुलूप असते आणि किल्ली शिपायाच्या घरी असते. दुसरे म्हणजे, कोप्यांवर जाऊन मी नोव्हेंबरमध्ये वाटलेल्या पाकिटांची चौकशी केली, तेव्हा एका बाईने कपड्यांच्या पत्र्याच्या पेटीतून दोन्ही पाकिटे न फोडलेली काढून दाखवली. मी कारण विचारले. ती म्हणाली, "ते गावाकडं जायच्या रातीला ठिवलंय बाई. ट्रकात रातभर बसायचं, कुठं उतरायचं नि कुठं धुयाचं?" मग शेजारच्या कोप्यांतूनही तेच ऐकू आले. पॅड कुठे उपयोगी आणि कापड कुठे पुरेसे, याचा हिशोब त्यांनी माझ्याआधी करून ठेवला होता.

पहिला निर्णय : काय सांगायचे आणि कुणाला

आता खरे काय ते मला माहीत होते, पण त्याचे करायचे काय हा प्रश्न सोपा नव्हता.

पत्रात लिहिले होते तेवढेच करणे सर्वांत सोयीचे होते. एका संध्याकाळी कोप्यांवर व्याख्यान, उपस्थितीच्या सह्या, फोटो, अहवाल. पण तसे केले असते तर टोळीवरचा आरोप माझ्या सहीने पक्का झाला असता, आणि पाईप पुन्हा तुंबला असता तो वेगळाच. दुसरा मार्ग म्हणजे बैठकीत उभे राहून पॅड तुमच्याच मुलींचे आहेत असे सांगून टाकणे. ते खरे होते, आणि कबूल करते, त्या रागात मला तसे सांगावेसे वाटतही होते. आशाताईंनी थांबवले. त्यांचे म्हणणे असे की, उद्यापासून वर्गात कोण कुठल्या दिवशी स्वच्छतागृहात गेली याचीच चर्चा होईल, आणि निम्म्या मुली त्या चार दिवसांत शाळेला येणार नाहीत. सरपंचांचा तिसराच विचार होता : पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला जो भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, त्यातून पॅड जाळण्याचे विजेवरचे यंत्र घ्यावे आणि विषय मिटवावा.

आम्ही प्रश्नाचे दोन भाग केले. नळ ही तातडीची बाब होती, म्हणून मी मुख्याध्यापकांना एकट्यांना भेटले आणि फाटकाच्या कुलपाकडे लक्ष वेधले. रात्री कुलूप असलेल्या आवारात बाहेरच्या बायका येत असतील तर किल्ली त्यांच्याकडे कशी, एवढेच विचारले. वहीच्या पानाचा विषय काढला नाही. त्यांनी बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवला आणि मग शिपायाला हाक मारून साखळी काढायला सांगितली. उरलेला भाग, म्हणजे गावात कोण काय वापरते आणि त्याचे पुढे काय होते, हा तिन्ही वस्त्यांत जाऊन सारख्याच प्रश्नांनी समजून घ्यायचे ठरले. बोलावणे कुणा एकाच वस्तीला नसल्यामुळे बोट कुणा एकीकडे जाणार नव्हते.

विचारण्याची पद्धत

आमच्याकडे छापील प्रश्नावली होती. तिचा पहिला प्रश्न "तुम्हाला मासिक पाळीविषयी माहिती आहे का?" असा होता. गावठाणात पहिल्या दिवशी तो विचारून पाहिला. सगळ्याजणींनी माना हलवल्या आणि विषय संपला. कोप्यांवर तर गंमतच झाली. कन्नड बोलणाऱ्या एकीला मी पाळीविषयी विचारले, तर ती म्हणाली, "सकाळी पाचला." कन्नडमध्येही पाळी म्हणजे क्रम, रांगेतली वेळ, मी नळावरचा तिचा नंबर विचारते आहे असे तिला वाटले होते. त्यांच्याकडे या दिवसांना मुट्टु म्हणतात. मुट्टु म्हणजे स्पर्श. आपल्याकडच्या शिवाशिवीचीच ती बहीण.

त्यानंतर प्रश्नावली बाजूला ठेवली आणि चारच गोष्टी विचारायच्या ठरवल्या : काय वापरता, कुठे धुता, कुठे वाळवता किंवा टाकता, आणि पाळी नेहमीसारखी नाही हे कशावरून ओळखता.

गावठाण

गावठाणातल्या तरुण सुना आणि मुली जवळजवळ सगळ्या पॅड वापरतात. पुस्तकी माहिती त्यांना चांगली होती. गर्भाशय, बीजकोश हे शब्दही ठाऊक होते. वापरातले अज्ञान मात्र इथेच सर्वांत जास्त आढळले, आणि हे मला अपेक्षित नव्हते. रक्तस्राव कमी असेल तर पॅड बदलायची गरज नाही, असे बहुतेकींना वाटत होते, त्यामुळे दहा-दहा तास एकच पॅड ठेवले जाई. स्राव कमी असला तरी चार ते सहा तासांनी ते बदलायला हवे, नाहीतर ओलसरपणामुळे कातडी सोलवटते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो, हे कुणी त्यांना सांगितलेच नव्हते. गौरी-गणपती आणि गावची जत्रा यांच्या आधी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणण्याची पद्धत इतकी रुळलेली होती की त्यासाठी डॉक्टरांना विचारावे लागते हे ऐकून काहीजणी हसल्या.

वापरलेल्या पॅडचे काय करता, यावर मात्र सगळ्या गप्प झाल्या. मग एका आजींनी सांगितले की पाळीच्या कापडावरून साप गेला तर त्या बाईला मूल होत नाही, म्हणून ते उघड्यावर पडू द्यायचे नसते. त्यांच्या काळात कापड धुऊन पुन्हा वापरले जाई, म्हणून ही भीती कापड लपवण्यापुरती राहिली. नातींच्या हातात पॅड आले. उकिरड्यावर टाकायचे तर साप, कचऱ्याच्या डब्यात टाकायचे तर कुत्रे ओढतात आणि चारचौघांत दिसते. घरी ते पाणी तापवायच्या बंबात जाते. शाळेत बंब नाही. शाळेतल्या मोरीत काय अडकले होते याचे कारण मला इथे, आजींच्या ओट्यावर सापडले.

याच आळीत एक लिंगायत आजी भेटल्या. त्या ठामपणे म्हणाल्या की आमच्यात बाजूला बसत नाहीत. शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या संतांनी, पाच सुतके मानायची नाहीत असे सांगितले आहे, त्यात पाळीचेही येते, आणि अंगावरच्या इष्टलिंगाची पूजा त्या दिवसांतही चुकवायची नसते. त्यांची सून चहा घेऊन आली नाही, आजीच उठून आत गेल्या. नंतर कळले की सूनबाईंना तिसरा दिवस होता आणि शेजारच्या काय म्हणतील म्हणून त्या स्वयंपाकघरात जात नव्हत्या. धर्माने दिलेली मोकळीक आळीने परत घेतली होती.

मोहल्ला

मोहल्ल्यात आशाताई दोनदा एकट्याच जाऊन आल्या, मग मला घेऊन गेल्या. पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते आणि रमजानमध्ये सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात. त्यामुळे इथल्या बायकांना दिवस मोजण्याची जी शिस्त होती ती मला गावात दुसरीकडे कुठेही दिसली नाही. एका वयस्क चाचींनी बोटांच्या पेरांवर मोजून दाखवले : हनफी या मुस्लिम धर्मशास्त्राच्या परंपरेप्रमाणे हैज, म्हणजे पाळी, कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवसांचा, त्यापुढेही रक्त जात राहिले तर तो इस्तिहाजा, म्हणजे आजारपणासारखा वेगळा स्राव, आणि मग नमाज पुन्हा सुरू करायची. नेहमीचे रक्त आणि नेहमीचे नसलेले रक्त यांत फरक करण्याची सवय या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आम्ही मात्र याच गोष्टीसाठी, म्हणजे सात दिवसांपेक्षा जास्त स्राव किंवा २१ दिवसांच्या आत पुन्हा आलेली पाळी लक्षात यावी म्हणून, कॅलेंडरवर खुणा करायला शिकवत फिरत होतो. मी एवढीच भर घातली की नमाज दहा दिवसांनंतर सुरू करा, पण दवाखान्यात सात दिवस उलटले की लगेच या.

अडचण इथे वाळवण्याची होती. घरे दाटीवाटीची, अंगण नाही. कापड खाटेखाली किंवा ओल्या टॉवेलाखाली अंधारात वाळत असे.

कोप्या

कोप्यांवरच्या बायकांना दिवसा भेटणे शक्यच नव्हते. पहाटे चारला फडात गेलेली जोडी संध्याकाळी येते. मागे राहतात लहान मुले आणि त्यांना सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या. अशाच एका म्हातारीने मला या प्रकरणातला सर्वांत उपयोगी धडा दिला. तिने सुनेच्या जुन्या साडीचा फाडलेला तुकडा गुडघ्यावर ताणून धरला आणि तांब्यातल्या पाण्याचा थेंब त्यावर सोडला. थेंब घरंगळून खाली मातीत पडला. मग स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला. थेंब पडताक्षणी पसरला आणि नाहीसा झाला. "आमच्या टायमाला लुगडंच सुती हुतं," ती म्हणाली. "आता सगळ्या साड्या नायलानच्या. ते पितच नाही, मग पोरी त्याच्या चार घड्या घालत्यात आन् मांड्या सोलून निघत्यात."

कापड वाईट असे आम्ही सरसकट सांगत आलो होतो. कुठले कापड, हे विचारले नव्हते. या बायका कापड थंड पाण्यात आधी भिजवतात, मग साबण लावतात, कारण गरम पाण्याने डाग बसतो. हे बरोबर होते. वाळवणे मात्र कोपीच्या छपरात उसाच्या वाढ्यांमध्ये खोचून होत असे, कारण दोरीवर टाकले तर मुकादमापासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळ्यांना दिसते. मोळी डोक्यावर असताना अंगावरून जास्त जाते, हे प्रत्येकीने सांगितले. सुट्टी घेतली तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. चाळिशीच्या आतल्या काहीजणींची गर्भपिशवी काढलेली होती. काढली की कटकट मिटते आणि कॅन्सरची भीतीही जाते, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील याच शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हे मी वाचलेले होते. समोर बसून "मला बत्तिसाव्या वर्षी काढली" असे ऐकणे वेगळे असते.

दुसरा निर्णय : सभा कुठे घ्यायची

सरपंचबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून कार्यक्रम घ्या असे सुचवले. गर्दी नक्की झाली असती. पण हळदीकुंकवाला विधवा येत नाहीत, मोहल्ल्यातल्या येणार नाहीत, आणि टोळीतल्या फडात असतील. उपकेंद्रात घेतली तर मुस्लिम आणि गावठाणातल्या बायका येतील, टोळी येणार नाही. शेवटी सभा संध्याकाळी साडेसातला कोप्यांवरच घेतली आणि बाकीच्यांना तिकडे बोलावले. गावठाणातून अकराच बायका आल्या. मला ती संख्या पुरेशी वाटली. त्या अकराजणी वर्षानुवर्षे ज्या गायरानाला वळसा घालून जात होत्या तिथे त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.

सभेत मी कमी बोलले. म्हातारीने थेंब सोडून दाखवला, चाचींनी पेरे मोजून दाखवली. मी पॅड किती तासांनी बदलायचे ते सांगितले आणि पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत का घ्यावे हे समजावले : गर्भाशयासोबत बीजकोशही लवकर काढले गेले तर अंगाची लाही होणे, झोप उडणे आणि पुढे हाडे ठिसूळ होणे हे सगळे वयाच्या आधी सुरू होते. यावर टोळीतल्या दोघीजणी एकमेकींकडे पाहत राहिल्या. त्यांना नेमके काय काढले हेच सांगितले गेले नव्हते.

प्रत्यक्ष कृती

शाळेत प्रत्येक स्वच्छतागृहात पायाने उघडणारा झाकणाचा डबा आणि खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे लावले. दोन शिक्षिकांनी जबाबदारी घेतली. त्या वेळी लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे सॅनिटरी कचरा गुंडाळून सुक्या कचऱ्यासोबत द्यायचा असे. आम्ही पुड्यांवर लाल खूण करून त्या घंटागाडीत वेगळ्या पिशवीत द्यायला सुरुवात केली. आज्यांना मी सापाची गोष्ट खोटी आहे असे सांगितले नाही. झाकण असल्यावर साप कसा ओलांडेल, असा प्रश्न टाकला, आणि नातींना डबा वापरण्याची परवानगी मिळाली. माझ्या एका सहकारी डॉक्टरला हे पटले नाही. अंधश्रद्धेला तू डबा घेऊन दिलास, असे ती म्हणाली. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण माझ्यापुढे मार्चपर्यंतचा वेळ होता.

जाळण्याच्या यंत्राला मी विरोध केला. पॅडमध्ये प्लास्टिकचा थर आणि पाणी शोषणारे रासायनिक कण असतात. छोट्या यंत्रात पुरेसे तापमान आले नाही तर ते अर्धवट जळतात आणि धूर वर्गांत शिरतो. सरपंचबाई नाराज झाल्या, पण त्या निधीतून त्यांनी गायरानावर पाण्याची टाकी आणि तीन नळ मंजूर केले.

कापडाचा प्रश्न बचत गटाने सोडवला. त्यांनी विट्याहून यंत्रमागावरचे कोरे सुती कापड आणले. नव्या कापडाला खळ असते, दोन-तीनदा धुतल्याशिवाय ते पाणी पीत नाही, हे पुन्हा म्हातारीनेच लक्षात आणून दिले. कोप्यांमागे बांबू रोवून तीन बाजूंना हिरवे शेडनेट लावले, वर मोकळे ठेवले. आत दोऱ्या बांधल्या. ऊन मिळते आणि रस्त्यावरून दिसत नाही. मोहल्ल्यात एका घराच्या गच्चीवर असेच केले.

खाड्याबाबत मुकादमाशी दोनदा बोलले. त्याने कारखान्याकडे बोट दाखवले, कारखान्याच्या शेती विभागाने मुकादमाकडे. तिथे काहीही झाले नाही.

काय साधले, काय नाही

वार्षिक परीक्षा होईपर्यंत शाळेचा पाईप पुन्हा तुंबला नाही. शेडनेटची जागा कोप्यांवर रोज वापरली जात होती. गच्चीवरची दोन आठवडे वापरली गेली आणि मग घरमालकाच्या मुलाचे लग्न निघाल्यावर काढून टाकण्यात आली. गोळ्या परस्पर आणणे कमी झाले का, हे मला सांगता येणार नाही, कारण त्याची नोंद ठेवली नाही.

सभेनंतर आठवड्याने टोळीतली एक चौतीस वर्षांची बाई उपकेंद्रात आली. चाचींसारखे तिने पेरांवर मोजले होते : बारा दिवस. हिमोग्लोबिन ७.४, म्हणजे फारच कमी, निघाले. शासकीय रुग्णालयात सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ आढळली. तिथल्या डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया न सुचवता औषधे आणि लोहाची इंजेक्शने सुरू केली. तिला रुग्णालयात नेण्यासाठी तीन खाडे पडले. मार्चअखेर टोळी परत गेली तेव्हा मी तिच्या कागदांची झेरॉक्स आणि गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी दिली. दिलेला मोबाईल नंबर तिच्या दिराचा होता. तो एप्रिलपासून बंद लागतो.

वेगळे काय करता आले असते

नोव्हेंबरमध्ये पाकिटे वाटण्याआधी चार प्रश्न विचारले असते, तर त्याच पैशात सुती कापड आणि साबण देता आला असता आणि पॅड परतीच्या प्रवासापुरते. रुग्णाचा पाठपुरावा टोळी हलण्याआधी तिच्या गावच्या आशाताईंशी थेट बोलून जोडायला हवा होता. चिठ्ठीवर विसंबणे ही माझी चूक होती. आरोप खोटा होता हे बैठकीत कधीच सांगितले गेले नाही. मुलींची लाज राखली, पण टोळीची माफी कुणी मागितली नाही, आणि पुढच्या हंगामात काही बिघडले की बोट पुन्हा तिकडेच जाईल, याची मला खात्री आहे. हा तिढा मला आजही सुटलेला नाही.

सर्वांत मोठी चूक जूनमध्ये कळली. आम्ही तीन वस्त्या धरल्या. गावाच्या पश्चिमेची चौथी वस्ती, जिथे तो सफाई कर्मचारी राहतो, ती आमच्या यादीतच नव्हती. त्याची बायको त्याच शाळेत रोजंदारीवर स्वच्छतागृहे धुते. शाळा सुरू व्हायच्या आधी डबे पुन्हा लावायला गेले तेव्हा ती भेटली. मी तिला काही विचारले नव्हते, तरी तीच म्हणाली, "मॅडम, डबा आधी होताच की. झाकणाचाच होता. मागल्या वर्षी तपासणीला साहेब येणार म्हणून घाण दिसते म्हणून उचलून ठेवला. स्टोअररूममध्ये आहे, बाकांच्या मागं."

आम्ही दोघी गेलो. डबा तिथेच होता. आत जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे भरून ठेवले होते.